आक्काची ज्वारी आणि काळी बिअर

माझ्या थोरल्या बहिणीने मला आयुष्यात दोनदा मारलं. पहिल्यांदा मी सात वर्षांचा होतो आणि तिच्या परकराची नाडी काढून पतंगाला शेपूट लावलं होतं. दुसऱ्यांदा मी सत्तावन्न वर्षांचा होतो, लेकीचं लग्न लावून मोकळा झालेला, चारचौघांत मान असलेला माणूस, आणि माझ्या हातात चॉकलेटच्या चवीच्या बिअरचा ग्लास होता. (मार बिअरसाठी नव्हता. बिअरसाठी असता तर मी मुकाट्याने खाल्ला असता आणि हे लिहायला बसलोच नसतो!)

सोलापूरच्या मार्केट यार्डात माझं ज्वारीच्या अडतीचं दुकान आहे. शेतकरी पोती आणतात, व्यापारी ती उचलतात, आणि मधे बसून मी दोघांना चहा पाजतो. पण यार्डात माझं नाव झालं ते चहामुळे नाही, जिभेमुळे. पोत्यातले दोन दाणे घ्यायचे, फुंकायचे, दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि सावकाश सांगायचं, "मंगळवेढ्याची. काळ्या रानातली. पेरणी जरा मागास झालीय." ऐकणारा गार! "दत्तूशेठची जीभ सरकारनं ताब्यात घ्यायला पाहिजे," असं एक व्यापारी म्हणायचा. मी नम्रपणे हसायचो आणि आणखी एक चहा सांगायचो.

घरात या जिभेची दरवर्षी परीक्षा व्हायची. माझी बहीण, आक्का, मंगळवेढ्याजवळ शेती करते. दाजी शेळ्या बघतात आणि बाकीचं सगळं आक्का बघते, दाजींसकट. नवी ज्वारी निघाली की ती आमच्यासाठी एक पोतं घेऊन सोलापूरला यायची. माझ्या दुकानातली आणखी दोन पोती त्याच्या शेजारी ठेवायची, ती मागेपुढे करायची आणि माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधायची. मी आधी तिन्ही पोत्यांना वाकून, हात लावून नमस्कार करायचो. घरच्यांना माझ्या या वळणाचं कोण कौतुक! मग तिन्हीतले दाणे चावायचे आणि छातीवर हात ठेवून सांगायचं, "ही माझ्या आक्काची." एकदाही चुकलो नाही. आक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता खरं सांगून टाकतो. आक्का पोत्याचं तोंड सुतळीने शिवत नाही, जुन्या लुगड्याच्या किनारीने शिवते. नमस्कार करताना बोटाला किनार लागली की संपली परीक्षा! यार्डातही तेच. कुणाचा टाका तिरका, कुणाची गाठ दुहेरी, कुणाच्या पोत्यावर शेणाचा हात. चाळीस वर्षं मी पोती ओळखत आलो आणि लोक ते जिभेच्या नावावर जमा करत आले. माझ्या जिभेला ज्वारी आणि बाजरी यांतला फरक तेवढा कळतो, तोही उजेड असेल तर.

आक्काची एकुलती एक लेक अश्विनी. खाद्यपदार्थ तयार करण्याचं शास्त्र शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. पहिला फोन मला.

"मामा, बिअर बनवणारी कंपनी आहे. क्राफ्ट बिअर. म्हणजे मोठ्या कारखान्यातली नव्हे. थोडी थोडी, स्वतःच्या हातानं, मन लावून बनवतात."

"म्हणजे हातभट्टी?" मी विचारलं.

पुढचे दोन दिवस तिने माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला तो एका अटीवर. आईला ही बातमी मी सांगायची.

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो. फोनवर मी फार शूर असतो.

मंगळवेढ्याला गेलो तर आक्का अंगणात ज्वारी पाखडत बसलेली. ही बाई म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायका गोळा करून दोनदा तहसीलवर गेलेली बाई. शेजारच्या शांताबाईंचं घर दारूपायी भांड्याकुंड्यांसकट गेलं, ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं. मी घसा खाकरला.

"आक्का, आशूला नोकरी लागली. पुण्याला."

"व्हय? काय बनीवती म्हनं कंपनी?"

सूप थांबलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर तयार करून आणलं होतं. एसटीत तीन वेळा पाठही केलं होतं. आणि तोंडातून निघालं, "चॉकलेट!"

झालं. संध्याकाळपर्यंत आक्काची लेक चॉकलेटच्या कंपनीत साहेब आहे हे गावच्या शेळ्यांनाही कळलं. तिथून पुढे दीड वर्ष अश्विनी सुट्टीला येताना पुण्याच्या दुकानातून दोन किलो चॉकलेट घ्यायची, एकेकाचा कागद सोलायची आणि स्टीलच्या डब्यात भरून आणायची. का, तर कारखान्यातली ताजी वाटावीत म्हणून!

"कंपनी कागद बी लावत न्हाय व्हय रं?" आक्काने मला फोन करून विचारलं.

"कागद शेवटी लावतात, आक्का. आपल्याला आधीच मिळतंय, घरचं म्हणून."

"मग बरं हाय की."

आक्का कुणाचं फुकट खाणारी नव्हे. कंपनी एवढं चॉकलेट देते म्हटल्यावर तिने ज्वारीची दोन पोती पुण्याला धाडली. "तितल्या लोकान्ला भाकरी कुटं मिळत आसंल?" हे तिचं म्हणणं. (ही दोन पोती मी लक्षात ठेवायला हवी होती. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त चॉकलेट होतं.)

मग उजाडला एप्रिलातला एक रविवार. सोलापूरचा एप्रिल, म्हणजे सकाळी दहाला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट चहाला चालतं. अश्विनी पुण्याहून आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात द्राक्षांचं जुनं खोकं, आणि खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बाटल्या. त्या तिने आमच्या फ्रिजमध्ये मठ्ठ्याच्या पातेल्याशेजारी ओळीने उभ्या केल्या.

"मामा, ही मी बनवलीय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकटीनं. स्टाउट म्हणतात हिला. काळी, दाट, चॉकलेटच्या चवीची. साहेबांना आवडलीय. ते ही बिअर कायमची विक्रीला ठेवणार आहेत."

"अरे वा!" मी म्हणालो. "मग आक्काशी आपण खोटं बोललो असं म्हणताच येणार नाही. चॉकलेट आहेच की यात!"

ती हसली नाही. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "आई बाराच्या एसटीनं येतीय. मीच बोलावलंय. आज तिला खरं सांगणार. दीड वर्ष झालं मामा, मला तिच्या तोंडाकडं बघवत नाही. ती नको म्हणाली तर मी नोकरी सोडणार. ठरवलंय."

"सोडणार? इतकी चांगली नोकरी?"

"मग काय करू? आईशी खोटं बोलून किती दिवस करायची?" तिचा आवाज कापायला लागला. "तुमी एक करा. ह्यात ज्वारी आहे. कुठली ते मी सांगणार नाही, तुमीच चाखून ओळखा. तुमच्या जिभेवर आईचा देवासारखा भरवसा हाय. तुमी तिच्यासमोर म्हणालात की ह्यात दाण्याची चव उतरलीय, अमक्या रानातली, तर तिला कळेल मी तिथं काय काम करते ते."

एका पोरीची नोकरी माझ्या जिभेवर! मला दरदरून घाम फुटला. (एप्रिलमुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.) आजवर जिभेच्या मदतीला पोतं असायचं. इथे होती गुळगुळीत बाटली. ना टाका, ना गाठ, ना किनार. नमस्कार करायचा तो कशाला?

माझी बायको सुनंदा हात पुसत बाहेर आली. मी स्टीलचा पेला पुढे केला तर अश्विनी म्हणाली, काचेचा लागतो, रंग दिसायला पाहिजे. मग शोकेसमधला, लग्नात आलेला, लाल फुलं काढलेला सेट तीस वर्षांत पहिल्यांदा खाली उतरला. बिअर ग्लासात पडली. काळीकुट्ट, वर तपकिरी फेस.

"अगंबाई," सुनंदा म्हणाली, "ह्यांच्या स्कूटरचं ऑइल बदललं तेव्हा असंच निघालं होतं की!"

मग तिने नाक वर केलं, हुंगलं आणि एकदम स्वयंपाकघराकडे पळाली. परत आली ती कमरेवर हात ठेवून.

"गॅस तर बंद आहे. मग भाकरी करपल्याचा वास कुठनं येतोय?"

अश्विनीने टाळीच वाजवली. "मामी, तोच तो वास! ज्वारीला मोड आणायचे, ती वाळवायची आणि मग भाजायची. अगदी काळी होईस्तोवर. तिचीच ही चव."

"मग चॉकलेट कुठाय?"

"चॉकलेट घातलेलंच नाही. भाजलेल्या दाण्यालाच चॉकलेटची चव येते."

सुनंदा सावकाश माझ्याकडे वळली. "ऐकलं का हो? तीस वर्षं मी तुम्हाला चॉकलेट खायला घालतेय, आणि तुम्ही करपलं म्हणून ताट सरकवताय!"

मी विषय बदलण्यासाठी घाईघाईने पहिला घोट घेतला. प्रथम कडू लागलं. मग काहीतरी कोकोसारखं. मग, खरं सांगतो, जिभेवर मखमल पसरल्यासारखं छान वाटलं. पण त्यात ज्वारी? मला तर हे मंगळावरचं पीक आहे म्हणून सांगितलं असतं तरी पटलं असतं! दोघीजणी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी डोळे मिटले. एक किलकिला ठेवला. त्या किलकिल्या डोळ्यासमोर ते खोकं आलं. त्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत छापलेलं होतं, 'करकंब'.

देव पावला! मी घोट दाढेखाली घोळवला (पातळ पदार्थ चावायला फार सराव लागतो), मान डोलावली आणि म्हणालो, "करकंब. नदीच्या बाजूचं, पाणी असलेलं रान. दाणा टपोरा, पण जरा पोकळ."

मी डोळे उघडले. अश्विनीचा चेहरा उतरला होता.

"मामा, ही आईची ज्वारी आहे. तिनं पाठवलेली दोन पोती."

सुनंदाने कपाळाला हात लावला. मी मात्र यार्डातला माणूस. तिथे बोललेला शब्द लगेच मागे घेतला की दुकान बसतं.

"थांब, थांब! पहिल्या घोटाला जीभ तयार नसते. आणखी ओत."

दुसऱ्या ग्लासाला मी म्हणालो, आता कुठे मंगळवेढा यायला लागलाय, पण लांबून. तिसऱ्या ग्लासाला मंगळवेढ्याबरोबर अक्कलकोटही आलं. मी बाटलीला जावळ काढलेल्या बाळासारखं मांडीवर घेऊन ज्वारीच्या इतिहासावर बोलायला लागलो. सुनंदा म्हणते, मी 'दाण्याचा स्वभाव' या विषयावर वीस मिनिटं बोललो आणि मधे एकदा हुंदका दिला. मला आठवत नाही.

आणि बाराच्या एसटीने येणारी आक्का साडेअकरालाच दारात उभी राहिली! ओळखीची जीप मिळाली होती. एका हातात कडक भाकरीचं गाठोडं, दुसऱ्यात शेंगाचटणीचा डबा, आणि डोक्यावर उन्हासाठी पाण्यात भिजवलेला सोलापुरी टॉवेल.

"काय रं दत्ता, तोंड का लाल झालंया?"

सुनंदा पुढे झाली. "या वन्सं, बसा, पाणी आणते," म्हणत ती आत गेली आणि जाता जाता मला डोळ्यांनी दटावून गेली. अश्विनी उठून उभी राहिली. तिने तोंड उघडलं होतं. ती खरं सांगणारच होती. पण तिच्याआधी मी बोललो. आयुष्यात मला कधी थांबावं तेच कळलेलं नाही.

"चॉकलेट, आक्का! आशूनं तुझ्यासाठी आणलेलं. उन्हानं वितळलं सगळं. मग भरलं बाटलीत!"

"मामा!" अश्विनी ओरडली.

"आन ह्यो फेस कशाचा?"

"एसटीत हललं, आक्का. पुण्यापासनं हलत आलंय."

आता, दुसऱ्या कुठल्याही गावात ही थाप चालली नसती. पण सोलापुरात एप्रिल महिन्यात काय वितळलं म्हणून सांगाल त्यावर माणसं विश्वास ठेवतात. शिवाय आक्का अन्न वाया जाऊ देणारी नाही, आणि लेकीच्या कंपनीचं तर नाहीच नाही. अश्विनी "आई, थांब" म्हणेपर्यंत तिने माझ्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि एक घोट घेतला.

  आक्काने घोट गिळला नाही. आधी ती तो चावत राहिली. खरोखर चावत राहिली, दाणा चावतात तसा. मग गिळला आणि शून्यात बघत म्हणाली,

"ही माजी ज्वारी हाय."

माझ्या हातातलं बाटलीचं झाकण खाली पडलं.

"वरच्या पट्टीतली. तितं बांधाला चुनखड हाय, त्या दान्याला शेवटाला आसं तुरट लागतंय. भाजलीय लई. पर हाय माजीच." तिने पुन्हा हुंगलं. "आन आंबीवलीय. आंबलीवानी लागतीया. आशे, काय हाय ह्ये?"

अश्विनी तिच्यासमोर खाली बसली. "आई, ही बिअर आहे. तुझ्या ज्वारीची. मीच बनवलीय. आमची कंपनी चॉकलेट बनवत नाही. बिअरच बनवते."

आक्काने ग्लास खाली ठेवला. इतका हळू ठेवला की त्यापेक्षा आपटला असता तर बरं वाटलं असतं.  डोक्यावरचा ओला टॉवेल काढून तिने मांडीवर घेतला.

"शांताचं घर बगितलंस न्हवं तू?"

"बघितलं, आई. म्हणून तर सांगायला भ्याले."

"भ्यालीस त्ये बराबर हाय. दीड वरीस मी गावात चॉकलेट वाटत हिंडले, त्येचं काय?"

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.  तीन ग्लासांची सगळी नशा एका झटक्यात उतरली.

"आक्का, चॉकलेट मी म्हणालो. तिनं मला खरं सांगायला धाडलं होतं. मीच घाबरलो."

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली. "तिला न्हाई येत खोटं बोलाया. कागद सोलून चॉकलेट आनतंय का कुनी? दान्तात कागदाचा तुकडा घावला हुता माज्या! मी म्हनलं, सांगंल कवातरी आपन होऊन."

आम्ही दोघं बघतच राहिलो. म्हणजे हिला वास लागला होता! मी सुटकेचा श्वास सोडला. आता फक्त बोलणी खायची, मार चुकला, असं मला वाटलं. तेवढ्यात आक्काने सहज विचारलं,

"मामानं चाखली न्हवं ही? काय म्हनला?"

मी अश्विनीकडे पाहिलं. डोळ्यांनी विनवण्या केल्या. पण पोरगी नुकतीच खरं बोलायला लागली होती, आणि तिला त्यात गोडी वाटू लागली होती.

"करकंबची म्हणाले. दाणा पोकळ आहे म्हणाले."

आक्काची मान वर झाली. तिने ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली. ती नजर कोपऱ्यातल्या द्राक्षांच्या खोक्यावर थांबली. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. तिने एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचलं, "क… र… कं… ब."

मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "खोक्याला नमस्कार केलतास का रं, दत्ता?"

आणि टॉवेल बसला! पाठीत, फाडकन! सोलापुरी टॉवेल टिकाऊ असतो हे मी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना सांगत आलोय, पण ओला टॉवेल किती टिकतो ते त्या दिवशी कळलं. पाठीवरचा वळ गुरुवारपर्यंत होता.

"माज्या ज्वारीला पोकळ म्हंतुस? करकंबची म्हंतुस? आन वरसावरसाला मी येडी डोळं पुसत हुते!"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सुनंदा दारातच हसायला लागली. मग रडता रडता अश्विनी हसली. शेवटी आक्काही हसली, पण तोवर तिने मला आणखी एक टॉवेल दिला होता. (तो मी मोजत नाही. तो पहिल्याचाच भाग होता.)

हसणं संपल्यावर आक्काने लेकीचं तोंड पदराने पुसलं. "नोकरी सोडायचं मी सांगस्तवर न्हाय. आदी मी बगनार. तितं काय चालतंय, कोन येतंय, कोन पितंय. मग सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही पुण्याला गेलो. मला नेलं होतं पिशव्या उचलायला. कंपनीचा दाढीवाला तरुण साहेब आक्काच्या पाया पडला. मोठाल्या चकचकीत टाक्या बघून आक्का म्हणाली, "दुधाच्या डेरीवानी हाय की!" एका पिंपात ज्वारी भिजत घातलेली होती. तिने सरळ कोपरापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढले आणि साहेबाला म्हणाली, "लई भिजवताय. मोड लांबलं की दान्यातला गोडवा जातोय." साहेबाने वही काढून लिहून घेतलं. मी चाळीस वर्षं यार्डात बोलतोय, माझं आजवर कुणी काही लिहून घेतलेलं नाही.

मग ती गिऱ्हाइकं बिअर प्यायला बसतात त्या बाहेरच्या हॉलमध्ये एका टेबलाशी लिंबूपाणी घेऊन तीन तास बसली. येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत. दोन ग्लास झालेला एक पोरगा किल्ली फिरवत उठला तर तिने त्याला हाक मारली. "बाळा, गाडी कोन चालीवनार?" पोरगा गोंधळला आणि त्याने मुकाट्याने रिक्षा बोलावली. त्याची रिक्षा आली, तो तीत बसला, तेव्हाच आक्काने त्याच्यावरची नजर हटवली. दाढीवाल्या साहेबाला तिने आपली अट सांगितली. "पिऊन गाडीला हात लावनाऱ्याला माज्या ज्वारीची द्यायची न्हाय." साहेबाने तेही लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला एसटीत बसून चहा पिताना ती लेकीला फोनवर म्हणाली, "कर नोकरी. पर मला समदं खरं सांगत जा. मी हाय तुज्यासंगं." फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला फार बरं वाटलं आणि माझी मला लाजही वाटली. एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी पोर दीड वर्ष झुरली, आणि ते मधे अडून राहिलं होतं माझ्या एका 'चॉकलेट'पायी.

गावात आक्काने स्वतःच सांगून टाकलं, "माजी लेक बिअर बनीवती. चॉकलेटचं माज्या भावानं सांगितलं हुतं. त्यो खोटं बोलला." शांताबाई म्हणे चार दिवस आक्काशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी आक्काच त्यांच्या दारात जाऊन बसली. काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक. आता त्या आक्काबरोबर पेरणीचं ज्वारीचं बी निवडायला बसतात.

तेव्हापासून नवीन बिअर तयार झाली की पहिली बाटली आमच्या घरी येते आणि ती चाखायला आक्का मंगळवेढ्याहून येते. एकच घोट. चावून, गिळून, मग निकाल. भाजणी पुढे गेली, आंबवणं मागे राहिलं, पट्टी बदलली वाटतं. पुण्याला सगळे फोन धरून वाट पाहत असतात. बाटलीबरोबर अश्विनीची चिठ्ठी असते. 'आईनं चाखायची. मामीनं वास घ्यायचा. मामांनी झाकण काढायचं.'

पहिल्या दोन वेळा मी निम्मी बिअर भिंतीवर उडवली. परवा मात्र झाकण अगदी सफाईने काढलं. एक थेंब सांडला नाही. आक्काने मान डोलावली आणि म्हणाली, "बघ, यील की रं तुला बी एक काम!"